भोईरकाका बाहेर उभे आहेत

आमच्या बिल्डिंगच्या खाली एक एटीएम आहे. तुम्ही आत गेलात, कार्ड घातलंत, आणि पाठीमागून खणखणीत आवाजात कुणी विचारलं, "आत कोन हाय? आवाज द्या," तर घाबरू नका. हात वर करू नका, पाकीट टाकून पळू नका. हे दोन्ही प्रकार आमच्याकडे झालेले आहेत. नुसतं "आहे" म्हणा. बाहेर भोईरकाका उभे आहेत. तुम्ही "आहे" म्हणालात की ते थोडा वेळ गप्प राहतील. मग परत विचारतील. तुम्ही बाहेर येईपर्यंत ते तिथून हलणार नाहीत.

एटीएमचं एक झालं. गच्चीवरची पाण्याची टाकी धुवायला माणूस उतरला, की टाकीच्या तोंडाशी काका. लिफ्टवाला खड्ड्यात उतरला, की वर काका. केबलवाला मुलगा डक्टमध्ये शिरला, की काका त्याच्या चपलांशेजारी. एकदा भाच्याला पँट घ्यायला ते उल्हासनगरला गेले होते. भाचा ट्रायल रूममध्ये गेला आणि काकांनी सवयीने आवाज मागितला. ओळीतल्या सगळ्या ट्रायल रूममधून "आहे, आहे" असं ऐकू आलं. दुकानदार आधी चिडला, मग त्यालाही हसू आलं. हे मला भाच्याने सांगितलं. काकांना विचारलं तर ते म्हणाले, "त्यात काय झालं? सगळी होती ना आत? मंग बरां झालं."

या सगळ्यामागे त्यांचं एकच तत्त्व आहे आणि ते दिवसातून कितीही वेळा सांगायला ते तयार असतात. "मानूस आत गेला, की बाहेर मानूस पायजे."

काका मूळचे इथलेच, बदलापूर गावातले. भातशेती होती, ती भावाभावांत वाटली गेली, आणि काका तरुणपणीच अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत लागले. तिथे मोठाल्या टाक्या असतात. त्या रिकाम्या करून आतून साफ कराव्या लागतात, आणि त्यासाठी माणसाला एका गोल भोकातून आत उतरावं लागतं. आत हवा खराब असू शकते. म्हणून उतरणाऱ्याच्या कमरेला दोरी बांधतात आणि दोरीचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात देतात. या बाहेरच्याचं काम एवढंच, की उभं राहायचं. आतल्याला अधूनमधून आवाज द्यायचा, दोरीला हिसका द्यायचा, आणि आतून उत्तर आलं नाही तर बोंब मारून माणसं गोळा करायची. स्वतः आत उडी मारायची नाही, काहीही झालं तरी. कारण मग दोघंही जातात.

हे काम कुणालाच नको असतं. काही न करता तासन्‌तास उभं राहणं फार अवघड आहे. काकांना ते जमलं, आणि इतकं जमलं, की लोक म्हणू लागले, भोईर बाहेर असेल तर उतरतो, नाहीतर नाही. काका ऑपरेटर झाले, पुढे सुपरवायझर झाले, तरी टाकी उघडली की त्यांना बोलावणं यायचं. कंपनीतून निवृत्त होताना घड्याळ मिळालं ते त्यांनी कपाटात ठेवलं. उभं राहणं मात्र घरी घेऊन आले.

आता यात माझा संबंध कुठे आला ते सांगते. मी उल्हासनगरला जीन्सच्या एका होलसेल व्यापाऱ्याकडे बारा वर्षं कामाला आहे. स्टॉक बघते, बिलं बनवते, कुठला माल कुठल्या गाळ्यात पडलाय ते सेठला फोनवर सांगते. मागच्या वर्षी सेठच्या मुलाने ठरवलं, की आता सगळा हिशेब आणि स्टॉक क्लाउडवर न्यायचा. म्हणजे दुकानातला तो धुळकट कॉम्प्युटर जाणार आणि सगळं कुणा मोठ्या कंपनीच्या यंत्रांवर भाड्याने राहणार. ते काम बसवून देणाऱ्यांनी सांगितलं, की हे सांभाळायला क्लाउडची निदान पहिली परीक्षा पास झालेला माणूस हवा. सेठने मला आत बोलावलं. ते वाईट नाहीत. ते म्हणाले, "देख बेटा, तू पुरानी है, मेरेकू तू ही चाहिये. दिवाळीपर्यंत सर्टिफिकेट आण. नाही तो मेरेकू बाहर से आदमी लेना पडेगा, और फिर तेरे लिये काम क्या बचेगा?"

मी बी.कॉम. इंग्रजी वाचता येतं, बोलायची वेळ आली की मी मराठीवर घसरते. वय अडतीस. शेवटची परीक्षा दिली तेव्हा उत्तरपत्रिकेला पुरवणी दोऱ्याने बांधायचे. पण नोकरी जाणं परवडणारं नव्हतं आणि, खरं सांगायचं तर, बारा वर्षं मी सांभाळलेला स्टॉक दुसऱ्या कुणी सांभाळणार ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. मी अभ्यासाला लागले. ही परीक्षा घरूनच देता येते. खोलीत एकटं बसायचं, कॅमेरा चालू ठेवायचा, आणि कुठल्यातरी गावात बसलेला एक परीक्षक दीड तास आपल्याकडे बघत राहतो. बोलायचं नाही, ओठ हलवायचे नाहीत, खोलीत दुसरं कुणी दिसता कामा नये. दिसलं की परीक्षा रद्द.

पहिल्यांदा बसले ती श्रावणात. नवरा कामावर गेला होता. मी बेडरूमचं दार नुसतं लोटलं होतं आणि बाहेरचं दार आमच्याकडे दिवसा उघडंच असतं. परीक्षा सुरू होऊन थोडाच वेळ झाला असेल. पाण्याचा टँकर आला आणि माझी स्कूटर त्याच्या वाटेत होती. सोसायटीचे सेक्रेटरी कदम जिना चढून थेट आत आले, बेडरूमचं दार ढकललं आणि म्हणाले, "वहिनी, चावी." पुढच्याच क्षणी पडद्यावरून प्रश्न गेला आणि एक सभ्य इंग्रजी वाक्य आलं, की आपली परीक्षा संपुष्टात आणण्यात आली आहे. फी गेली ती गेली. मी चावी दिली, स्कूटर हलली, टँकर आत आला, आणि मी त्या पाण्याने तोंड धुऊन रडले.

संध्याकाळी काका आले. आमच्या समोरच्याच दाराआड ते राहतात, एकटे. काकी गेल्या त्याला काही वर्षं झाली, मुलगी वांगणीला दिली आहे. त्यांनी सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली. कदमांना ते काही बोलले नाहीत, मलाही धीर दिला नाही. फक्त विचारलं, "बाहेर कोन होतं?" मी म्हटलं, कुणी नाही. ते मान हलवत राहिले. "अगो पोरी, तू आत उतरलीस आणि बाहेर कुनी नाय? मंग असंच होनार."

त्या दिवसापासून माझा अभ्यास माझा राहिला नाही. काका रोज संध्याकाळी चहाच्या वेळेला येऊन बसायचे आणि म्हणायचे, वाच. मी वाचलेलं त्यांना मराठीत सांगायचे. त्यांना त्यातलं फारसं कळत नसे आणि कळून घ्यायची घाईही नव्हती. पण एका बाबतीत ते पक्के होते. क्लाउडमध्ये शेकड्याने निरनिराळ्या सोयी असतात, माहिती साठवायची वेगळी, हिशेब करायची वेगळी. कुठलीही सांगितली, की काका विचारायचे, "ठीक हाय. पन हिच्या बाहेर कोन उभा हाय?" मग मला शोधावं लागायचं, की या यंत्रावर नजर कोण ठेवतं, बिघाड झाला तर इशारा कोण देतं. नुसती नजर ठेवणारी आणि धोका दिसला की घंटा वाजवणारी एक सोय त्यात आहेच. ती काकांना इतकी आवडली, की तिचा विषय निघाला की ते सरसावून बसायचे. "हा आपला मानूस," असं म्हणून त्या दिवशी ते बिस्किट जास्त घ्यायचे.

सराव परीक्षेत मात्र त्यांचा काही उपयोग नव्हता. प्रश्न कुठलाही असो, त्यांचं उत्तर ठरलेलं. एका ऑनलाइन दुकानात सेलच्या दिवशी अचानक गर्दी वाढली तर काय कराल? काका म्हणायचे, बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा, मग बघा. मी समजवायचे, की काका, क्लाउडचा फायदाच तो आहे, गर्दी वाढली की यंत्रं आपोआप वाढतात, ओसरली की कमी होतात, लग्नात मंडपवाल्याकडून जास्तीची भांडी आणावी तसं. ते ऐकून घ्यायचे आणि पुढच्या प्रश्नाला परत म्हणायचे, बंद करा. आपली माहिती एकाच ठिकाणी न ठेवता वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात, म्हणजे एकीकडची वीज गेली तरी दुसरीकडे काम चालू राहतं, हे लक्षात राहावं म्हणून मी अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर अशी तीन ठिकाणं धरली होती. उदाहरण देताना मी म्हटलं, समजा नेहमीसारखी शुक्रवारी बदलापूरची लाइट गेली. काकांना राग आला. दर वेळी बदलापूरचीच का, असं म्हणून त्यांनी मला सबंध धडा उल्हासनगरची लाइट घालवून परत सांगायला लावला.

मी वैतागायचे, नवऱ्याकडे कुरकुर करायचे. एकदा तर मी दार उघडलंच नाही, आत बसून राहिले. काकांनी बेल वाजवली, मग हाक मारली, "वृषाली, आवाज दे." मी गप्प. ते गेले नाहीत. दाराबाहेरच उभे राहिले. शेवटी मलाच लाज वाटली आणि मी "आहे" म्हटलं. "मंग ठीक," म्हणाले आणि आपल्या घरात गेले. अभ्यासाचं नावही काढलं नाही. पण त्याच सुमाराला माझ्या ध्यानात आलं, की रोज कुणालातरी आपल्या भाषेत समजावून सांगायचंय म्हटल्यावर मला ते आधी समजून घ्यावं लागत होतं. सराव परीक्षेतले माझे गुण वाढत चालले होते. मी ते कबूल केलं नाही, पण चहात आलं जास्त घालू लागले.

दुसऱ्यांदा बसायचा दिवस ठरला. आमच्याकडे लाइट जाते तो शुक्रवार मुद्दामच सोडून घेतला. काकांनी दोन दिवस आधीपासून तयारी चालवली. दाराच्या बेलची वायर काढली. माझी स्कूटर रस्त्यापलीकडे लावली. कदमांना पायजमा-शर्टात आमच्या बाहेरच्या दाराशी खुर्ची टाकून बसवलं, कुणी आलं तर न बोलता परतवायला. कदमही गेल्या वेळच्या प्रकाराने ओशाळलेले होते, ते मुकाट्याने बसले. बेडरूमच्या दाराशी अर्थातच काका. आणि इथेच अडचण आली, कारण काकांना आवाज देता येणार नव्हता. मी त्यांना दहादा सांगितलं, की तुम्ही हाक मारलीत आणि मी "आहे" म्हटलं तर परीक्षा गेली. त्यांना पटलं, पण चैन पडेना. दीड तास आतून काही कळलं नाही तर बाहेर उभं राहून उपयोग काय, असं त्यांचं म्हणणं. शेवटी ते घरून सुती दोरी घेऊन आले. एक टोक माझ्या पायाला, दोरी दाराच्या फटीखालून, दुसरं टोक त्यांच्या हातात. ते हलकेच ओढणार, मी पायाने परत ओढणार. टेबलाखाली काय चाललंय ते कॅमेऱ्याला कुठे दिसतंय, असं मलाही वाटलं. आता आठवलं की हसू येतं, पण त्या वेळी आम्हा दोघांनाही हा तोडगा फार हुशारीचा वाटला होता.

सुरू होण्याआधी परीक्षक खोली दाखवायला सांगतात. चारी भिंती, टेबलाच्या वर, टेबलाच्या खाली. टेबलाच्या खाली कॅमेरा गेला आणि स्पीकरमधून परीक्षक असलेली एक शांत बाई इंग्रजीत विचारू लागली, की मॅडम, आपल्या पायाला काय बांधलंय? मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, सेफ्टी. तिने विचारलं, दोरीच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे? मी म्हटलं, अंकल. मला वाटलं, गेली परीक्षा, गेली दिवाळी, गेलं सगळं. मग तिने सांगितलं, की दोरी सोडून खोलीबाहेर टाका, दार उघडू नका, आणि बाहेर कुणाशीही बोलू नका. मी गाठ सोडली आणि दोरी पायाने दाराच्या फटीतून बाहेर सारली. सारताना माझ्या लक्षात आलं, की बाहेर याचा अर्थ काय होणार आहे.

टाकीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दोरी सैल आली, तर आतला माणूस पडला असं समजायचं असतं. इथे तर अख्खं टोकच बाहेर गेलं होतं. काका आता ओरडणार, कदम धावणार, कुणीतरी दार तोडणार, याची मी वाट बघत बसले. पहिला प्रश्न मी वाचत होते आणि एकही शब्द डोक्यात शिरत नव्हता. आवाज आला नाही. दुसरा प्रश्न आला, तिसरा आला, तरी बाहेर शांतता. मग हळूहळू मी आत उतरले. एका प्रश्नात विचारलं होतं, की यंत्रांच्या इमारतीची राखण कुणाकडे आणि आपण त्यात ठेवलेल्या माहितीची राखण कुणाकडे. चहाच्या वेळचा आमचा सगळा वाद आठवला आणि उत्तर देताना हात अडखळला नाही. शेवटी पडद्यावर निकाल आला. पास. मी तो वाचला, खिडकीबाहेर बघितलं, आणि परत वाचला.

दार उघडलं तर काका अगदी दाराला लागून उभे होते. शर्ट घामाने चिकटलेला, दोरीचं टोक मुठीत धरलेलं. मागे कदम खुर्चीतून उठून उभे राहिले होते आणि मला खुणेने काहीतरी सांगत होते. त्यांनी नंतर सांगितलं ते असं. दोरी बाहेर आली तेव्हा काकांचा हात दारावर मारायला वर गेला होता. तो तसाच थांबला आणि खाली आला. मग त्यांनी दाराला कान लावला. आत मी उत्तरावर माउस दाबत होते, त्याचा बारीक टक्‌ असा आवाज त्यांना ऐकू आला. ते पुटपुटले, "हाय." पुन्हा आवाज आला, पुन्हा "हाय." दीड तास त्यांनी कान काढला नाही. कदमांनी बसायला खुर्ची पुढे केली, पाणी दिलं, त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

मी त्यांना सांगणार होते, काका, पास झाले. पण त्यांनी विचारलं ते वेगळंच होतं.

"आत कसं होतं?"

मी म्हटलं, म्हणजे? त्यांनी समजावलं, की टाकीतून माणूस बाहेर आला की काम झालं का असं विचारायचं नसतं. ते साहेब विचारतात. बाहेरच्याने विचारायचं, आत कसं होतं. आत एकटाच असतो ना तो. त्याला कुणालातरी सांगायचं असतं. म्हणून मी सांगितलं. त्या शांत बाईचं सांगितलं, दोरीचं सांगितलं, पहिले प्रश्न कसे डोळ्यांसमोरून नुसते गेले ते सांगितलं, भीती कधी गेली ते सांगितलं. पास झाले हे मध्येच कुठेतरी येऊन गेलं. काका ऐकत होते. मग दोरी गुंडाळायला लागले आणि खाली बघतच म्हणाले,

"तुझ्या काकीला साथीत नेली तवा मला हॉस्पिटलच्या गेटवरूनच घरी धाडला. कुनालाच उभं राहू देत नव्हते, त्यांचंपन बरोबर होतं. दहा दिवस ती आत, नि बाहेर मी नाय." दोरीचा एक फेरा चुकला, तो त्यांनी सोडवून परत घातला. "आत कसं होतं, ते तिला इचारायचं राहिलं."

इतकी वर्षं मी या माणसाच्या समोर राहते. एटीएमवर हसले, ट्रायल रूमवर हसले, दार न उघडता आत बसून राहिले. आणि तो दर दाराशी का उभा राहतो हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. मला त्यांचे आभार मानायचे होते. नोकरी राहिली म्हणून तर होतेच, पण कुणीतरी दीड तास माझ्यासाठी श्वास रोखून उभं होतं म्हणून जास्त. कदम हळूच निघून गेले.

मी आतून दोन खुर्च्या आणल्या, काकांना बसवलं, चहा ठेवला. ते बसले. किती वेळाने बसले होते कोण जाणे. मग म्हणाले, त्या बाईने दोरीचं इचारलं तवा तू नक्की काय बोललीस, ते नीट सांग. आणि मी सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगायला बसले.